उजव्या बाजूचे आठ

फ्रीव्हील निघता निघत नव्हतं.
व्हाइसमध्ये काढणी आवळली, चाक दोन्ही हातांनी धरलं,
ट्रकचं स्टिअरिंग वळवावं तसा डावीकडे सगळा भार टाकला,
तेव्हा कुठे तीस वर्षांचा गंज
कट्‌ करून बोलला.

अदियाम दारात उभी. गुडघा ताजा खरचटलेला.
रविवारी तिची पहिली शर्यत.
म्हणाली, "मामा म्हणतो, तुंब्याला फक्त गेब्रायचा हात लागू दे.
त्याचं काम टिकतं."

मी मान हलवली.
लॉकनट सोडला, चकती, कोन, मग आस हळूच ओढली.
डावीकडचे छर्रे एनॅमलच्या ताटलीत पडले: नऊ.
काळ्या, चिकट वंगणात लडबडलेले, तरी गोल.
उजवीकडचे मोजायची मला गरज नव्हती.

रस्ते बंद होते त्या वर्षी.
मस्सावाहून मीठसुद्धा वर अस्माराला येत नव्हतं,
तिथं छर्रे कुठले.
मेदेबेरच्या बाजारात लोक दारूगोळ्याच्या पेट्या कापून
तवे ठोकत होते.
माझ्या डब्यात पाव इंची सतरा उरले होते.
दोनदा मोजले.
मोजल्याने वाढत नाहीत.

ओक्बाझगी बाहेर बाकावर कॉफी पीत बसला होता,
दुसरी वाटी, मग तिसरी. त्याला घाई नव्हती.
सांगायला एक वाक्य पुरलं असतं.
ते मी गिळलं आणि अठराचे पैसे घेतले.
आठ घातले उजवीकडे, फ्रीव्हीलच्या आड,
जिथे सहसा कुणी बघायला जात नाही.

नऊ घातले तरी थोडी फट राहतेच.
राहायलाच हवी,
नाहीतर छर्रे एकमेकांनाच घासून संपतात.
ही सबब मी स्वतःला दिली:
फट असतेच. जरा मोठी, इतकंच.

मग रस्ता उघडला.
सव्वादोन हजार मीटर उतार, नेफासितची वळणं,
ढग रस्त्यातच आडवे झोपलेले,
आणि तो त्या आठांवर बसून समुद्रापर्यंत गेला.
त्या दिवशी दुकान उघडं होतं, मी काही केलं नाही.
अंधार पडल्यावर ट्रकच्या टपावर सायकल बांधून परतला,
उन्हाने भाजलेला. दुरूनच हात हलवला.

कप शाबूत होता. रॉकेलने पुसल्यावर आरशासारखा.
कोनवर मात्र देवीचे व्रण.
माझ्या स्वतःच्या सायकलीसाठी एक कोन
कापसात गुंडाळून ठेवला होता. तो काढला.
वंगण जाड लिंपलं,
चिमट्याने एकेक छर्रा बसवला,
नववा धरून जरा थांबलो.
त्याला जागा होती.

आता कोन आवळायचा, पण किंचित खेळ ठेवायचा.
क्विक-रिलीजची मूठ दाबली की आस दबते
आणि तो खेळ आपोआप जातो.
नव्या पोरांना हे पटत नाही,
त्यांना सगळं आत्ताच घट्ट हवं असतं.
मी तीनदा आवळलं, तीनदा सोडलं.
बोटांना पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

"किती झाले?"
"काही नाही. एक छर्रा उधार होता."

ती हसली. "मामा म्हणालाच होता,
बघ, तो पैसे घेणार नाही."

मी पाना पुसत राहिलो. स्वच्छच होता.
कधीपासून?
नेफासितच्या खाली, कुठल्या वळणावर, मांड्यांतून चढत गेलं असेल ते त्याच्या?
आणि कळलं, तर मग तो परत का आला नाही माझ्याकडे?
की तेव्हाच, बाकावर, वाटी ओठाशी धरून
ताटलीत पडणाऱ्या एकेका छर्ऱ्याचा
आवाज मोजला होता त्याने?

स्टँडवर चाक अजून थांबलं नव्हतं.
व्हॉल्व्हच्या एवढ्याशा वजनाने
इकडे जाई, तिकडे जाई, पुन्हा इकडे.
अदियाम वाकून कान लावून होती.
"काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली.